चुली मोजणाऱ्या सावंतबाई

सावंतबाईंचं अक्षर वाईट होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून एवढंच हाती लागलं, याचा मला अजून राग येतो.

आम्ही दोघी नगररचनेच्या ऑफिसात, ग्रामीण शाखेत. खेड्यांचे नकाशे, गावठाणाच्या हद्दी, कुठे घर बांधता येतं आणि कुठे नाही त्याचे नियम, हे आमचं काम. मी गिरगावातली, विजयकरांची. घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी. मी पदवी घेऊन, परीक्षा देऊन थेट अधिकारी म्हणून लागलेली. सावंतबाई लालबागच्या चाळीतल्या. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, तेव्हा मुलगी आयटीआयचा कोर्स करून ट्रेसर लागली. ट्रेसर म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघा गिरवणारा माणूस. गिरवता गिरवता ही बाई खात्याच्या परीक्षा देत गेली आणि एक दिवस माझ्या शेजारी, माझ्याच हुद्द्याच्या खुर्चीवर येऊन बसली. बसताना म्हणाली, "विजयकर मॅडम, टेबल जरा सरकवते हां, उजेड सगळा तुमच्याकडेच आहे." मी सरकवू दिलं. माझ्या दुखण्याची सुरुवात तिथून.

जळायचे मी त्यांच्यावर. मत्सर, असूया वगैरे छापील शब्द नकोत, जळायचे. शिपाई चहा आणायचा तो आधी त्यांच्या टेबलावर. साहेब फोनवर म्हणायचे, "सावंतबाईंना विचारून सांगतो." आमच्या ह्यांनी त्यांना फक्त एकदा, माझ्या ऑफिसच्या सहलीत पाहिलं, तर परतीच्या वाटेवर मला म्हणतात, "किती साध्या आहेत गं!" जणू मी नऊवारी पैठणी नेसून गेले होते. बाई दिसायलाही काही विशेष नाहीत. ठेंगण्या, तेल लावून चप्प बांधलेला अंबाडा, पायांत बारा महिने रबरी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मोजपट्टी, भाजलेले शेंगदाणे आणि कुणाकुणाचे अर्ज.

त्यांचे मसुदे मात्र आधी माझ्याकडे यायचे. साहेबांना दाखवायच्या आधी बाई तो कागद माझ्या टेबलावर ठेवायच्या. "जरा नजर घाला मॅडम." मी लाल पेन काढायचे. आहाहा, काय सुख होतं ते! एक कलम चुकीचं सापडलं की माझं जेवण गोड लागायचं. बाई शांतपणे सगळं दुरुस्त करून न्यायच्या आणि तो कागद मंजूर व्हायचा. त्यांच्या नावाने.

गावात पाहणीला गेलो की मी सरपंचाच्या ओट्यावर नकाशा उलगडून बसायचे. बाई गायब. शोधायला जावं तर कुणाच्या तरी परसदारी, भाजी निवडत. "समोरून गेलं की माणूस पाव्हण्याशी बोलतो," म्हणायच्या, "मागल्या दाराने गेलं की खरं बोलतो." आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "चुली किती?"

शहरातल्या माणसाला हे पटकन कळायचं नाही. कोकणात घर भिंतींवर ठरत नाही, चुलीवर ठरतं. दोन भाऊ वेगळे झाले तरी छप्पर तेच, अंगण तेच, देवघर तेच. फक्त एका पडवीत दुसरी चूल मांडली जाते आणि त्या दिवसापासून ती दोन घरं. सगळा गाव ते मानतो. सरकारी यादीत मात्र एकच घर.

एकदा एका वाडीवर दरड येण्याची भीती होती. वाडी हलवायची म्हणून घरांची यादी केली. यादी मीच केली होती, दोन दिवस उन्हात फिरून, एकेका दारावर नंबर घालून. बावीस घरं. निघायच्या दिवशी पहाटे बाई उठून समोरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या सपाटीवर, जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या त्या चहाचा कप हातात घेऊनच. "मॅडम, दारं बावीस हायत, बरोबर. पण धूर एकतीस ठिकाणचा येतोय." म्हणजे नऊ कुटुंबं माझ्या यादीत नव्हतीच. नवीन जागी त्यांना घर मिळालं नसतं. साहेबांनी भर बैठकीत ते सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवाव्या लागतात.

पुढे घरोघर गॅस आला. मला वाटलं, आता बघू बाई काय मोजतात. तर त्या सकाळी दहाच्या सुमाराला पारावर बसून कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागल्या. "ही इकडची, ही मागल्या पडवीतली," असं बोटांवर. काय बोलणार अशा माणसाला!

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आई, ती गेल्यावर चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एकट्या. दर शनिवारी परळच्या इस्पितळाबाहेर डबे घेऊन जायच्या. तिथे फुटपाथवर लांबलांबचे पेशंट आणि त्यांची माणसं महिनोन् महिने पडून असतात. आपल्याकडे पुष्कळ जण तिथे डबे देतात, त्यात विशेष नाही. पण बाई डबा देऊन निघायच्या नाहीत, तिथेच बसून, डबा रिकामा झाला की कुठल्या गावचे, घरी कोण कोण, अशी चौकशी करायच्या. तिथे त्यांना नर्गिस भेटली.

नर्गिस काबूलची. शाळेत गणित शिकवायची. नवऱ्याला उपचारासाठी घेऊन मुंबईला आली, बरोबर तिची आई आणि दोन मुली. उपचार चालू असतानाच तिकडे सरकार उलटलं. थोड्याच दिवसांत नवरा गेला. तो गेला त्या दिवशी बाई डबा घेऊन पोचल्या, तेव्हा नर्गिस सामान बांधून फुटपाथवर बसली होती. पण जाणार कुठे? परत जावं तर मुलींची शाळा बंद आणि तिची नोकरीही. बाई म्हणाल्या, "चल, उठ. आज रात का तो देखेंगे." ती रात्र सव्वादोन वर्षं चालली.

हे मला गणपतीत कळलं. बाईंच्या घरी दीड दिवसाचा गणपती असायचा. त्या वर्षी लालबागची गर्दी चुकवत सकाळीच दर्शनाला गेले, तर त्या खोलीत पाच बायकामाणसं! पोटमाळ्यावर दोन मुली अभ्यास करत बसलेल्या आणि खाली नर्गिसची आई मोदक वळत होती. त्यांच्याकडे कसलेसे उकडलेले पुडे करतात म्हणे, सारण भरून, वर चुण्या घालून. तिच्या बोटांत ते होतंच. आजीने मोदकाला इतक्या बारीक कळ्या पाडल्या होत्या की मी मोजून पाहिल्या. एकवीस! माझ्या हयातीत माझ्या मोदकाला तेरावी कळी पडलेली नाही. बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा मॅडम, आमच्या आजीचा हात." मी हसले आणि कळ्या पुन्हा एकदा मोजून पाहिल्या. काबूलहून आलेल्या म्हातारीवरही जळायचं म्हणजे कमाल झाली, पण जळले.

आणि खरं सांगू? मोदकाचं निमित्त. गिरगावात माझ्या तीन खोल्या होत्या. माणसं आम्ही दोघं. एका खोलीत ह्यांची जुनी मासिकं आणि न चालणारी शिवणाची मशीन. त्या फुटपाथवरून मीही कितीदा गेले होते. हे माझ्या डोक्यात का आलं नाही, या विचाराने मला घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

मग पुढच्या पावसाळ्यात चाळीला नोटीस लागली. रिडेव्हलपमेंट. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या, ज्याचं नाव यादीत त्याला दुसरीकडे तात्पुरती खोली. यादीत नाव फक्त बाईंचं. आणि नर्गिसच्या कागदांची मुदत डिसेंबरात संपत होती. परदेशी माणसांची नोंद करणाऱ्या ऑफिसात साहेबाने तिला साफ सांगितलं होतं, राहण्याचा अधिकृत पत्ता आणा, घरनंबर असलेला, नाहीतर पुढची परवानगी नाही. पाव्हणे म्हणून राहता त्या खोलीचा पत्ता चालणार नाही. तीनचार महिन्यांत पत्ता मिळाला तर ती माणसं इथली, नाहीतर कुठलीच नाहीत.

बाईंचं गावी घर होतं, मालवणकडे. तिथे भाऊ आणि वहिनी राहायचे. लांबट घर, एक पडवी रिकामीच. बाईंनी वहिनीला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते, फोनमधला आवाज मला ऐकू आला. "रवांदेत गो, माका काय जड नाय. पण चूल येगळी व्हयी." एका चुलीवर दोन बायका नांदत नाहीत, हे तिचं म्हणणं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. गावाचीही हरकत नव्हती. वाडीतल्या निम्म्या घरांना कुलपं, सगळे मुंबईत. ग्रामसभेत एक म्हातारा उठून म्हणाला म्हणे, "माणसां येतली तर घरां उघडतली." मुलींमुळे शाळेचा पट वाढेल म्हणून मास्तर तर हात जोडायचेच बाकी होते.

अडलं ते आमच्या नियमाशी. नियम असा की एका छपराखाली दुसरं स्वयंपाकघर काढलं की ते दुसरं घर. मग त्याला नवीन परवानगी, शेजारच्या भिंतीपासून ठरावीक मोकळी जागा आणि गाडी लावायची सोय. पडवीला पार्किंग! शहरासाठी केलेला नियम कुणीतरी उचलून खेड्याला चिकटवला होता. परवानगी नाही म्हणून पडवीला घरनंबर नाही, घरनंबर नाही म्हणून पत्ता नाही.

योगायोग असा की त्याच सुमाराला ग्रामीण बांधकामाचे नियम सुधारायला समिती बसली होती. मी वर्षभर खपून तिच्यासाठी चाळीस पानांचा अहवाल केला होता. तक्ते, आकृत्या, पाच राज्यांच्या नियमांची तुलना, मागे संदर्भ. साहेबांनी सुचवून ठेवलं होतं, समितीवर छाप पडली तर निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून घेता येईल. मला निवृत्त व्हायला सहा महिने होते, बाईंना दोन. त्या सल्लागारपदाची मी मनात खुर्चीसुद्धा निवडून ठेवली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी बाईंनी नेहमीसारखा कागद माझ्या टेबलावर ठेवला. एक पान. तेही त्या वेड्यावाकड्या अक्षरात, टाईप करायलाही वेळ झाला नव्हता. "जरा नजर घाला मॅडम." मी लाल पेनने पान रंगवून टाकलं. बारा चुका काढल्या. त्यातल्या दोन तर अशा होत्या की समितीने तिथल्या तिथे कागद फेकून दिला असता. त्या गाळून बाकीच्या दाखवाव्यात, असं एक क्षण मनात आलं. पण चूक दिसली आणि ती सोडली, हे मला जमत नाही, दुष्टपणासाठीसुद्धा नाही.

समितीने माझा अहवाल हातात तोलून पाहिला, "व्वा, मेहनत आहे," म्हणाले आणि बाजूला ठेवला. मग बाईंचं पान वाचलं. त्यात एवढंच होतं की गावठाणातल्या जुन्या घरात, ज्याचं घर सुटलं आहे अशा कुटुंबासाठी दुसरी चूल मांडायला वेगळी परवानगी लागू नये आणि त्या चुलीला स्वतंत्र घरनंबर मिळावा.

एक ज्येष्ठ सदस्य चष्मा पुसत म्हणाले, "बाई, घर सुटलेले म्हणजे कोण? निर्वासित वगैरे? ते आपल्या नियमात कशाला?"

"साहेब, धरण झालं तेव्हा उठलेली माणसं पहिल्यांदा कुठे गेली? पाव्हण्याकडे. दरड पडली, पाव्हण्याकडे. रस्त्यात घर गेलं, पाव्हण्याकडे. लांबून कुणी आलं तरी तेच. कुठून आला ते पोलीस बघतील, ते त्यांचं काम. आपण चुलीचं बघू. चूल नाही दिली तर पाव्हणा वीस वर्षं पाव्हणाच ऱ्हातो."

"आणि गावठाणाच्या बाहेर? तिथे हे लागू केलं तर फार्महाऊसवाले बिल्डर घुसतील."

बाई जरा थांबल्या. एरवी बाई अशा थांबत नसत. मग म्हणाल्या, "बरोबर आहे साहेब. गावठाणापुरतंच ठेवा."

मंजूर. टाळ्या. साहेबांनी जिना उतरताना मला नुसतं "तुमचाही अहवाल छान होता हां," म्हटलं. मी घरी जाऊन शिवणाच्या मशीनवरची धूळ पुसत बसले.

महिन्याभरात नियम लागू झाला आणि पहिल्याच आठवड्यात बाईंच्या भावाचा अर्ज आला, घरनंबरासाठी घर गावठाणात असल्याचा आमचा दाखला हवा म्हणून. स्वतःच्या घरचा अर्ज बाईंना तपासता येणार नव्हता, साहेबांनी तो माझ्याकडे पाठवला. मी नकाशा उघडला, सर्व्हे नंबर शोधला आणि पाहते तर काय! घर गावठाणाच्या हद्दीबाहेर. थोडंसंच, पण बाहेर. बाईंचा नियम बाईंच्याच घराला लागू नव्हता.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? नर्गिसचा, त्या पोरींचा विचार आला, नाही असं नाही, पण तो नंतर आला. आधी आनंद झाला. फाईलवर पेन्सिलीने लिहिलंसुद्धा, "अपात्र. घर गावठाणाबाहेर." मग वाटलं, पक्कं करावं. उद्या कुणी म्हणायला नको की विजयकरबाईंनी आकसाने नाकारलं. म्हणून रेकॉर्ड रूममध्ये जाऊन त्या गावाचा मूळ हाताने काढलेला नकाशा मागवला.

नळकांड्यातून तो पिवळा पडलेला कागद बाहेर काढला आणि टेबलावर पसरला. गावठाणाची हद्द चांगली ठळक होती. फारच ठळक. शेजारच्या गावांच्या हद्दी बारीक केसासारख्या, आणि हीच एवढी जाड. कोपऱ्यात रेघ काढणाऱ्याची आद्याक्षरं. माझी.

सगळं आठवलं. मी नोकरीला लागले त्याचं पहिलं वर्ष. ट्रेसर रजेवर होता, मी मोठ्या हौशीने म्हटलं, मी काढते. हद्दीसाठी तीन नंबरचं बारीक पेन वापरायचं असतं. ते शाई सुकून तुंबलेलं. धुवून, हलवून चालू करायला अर्धा तास लागतो. आणि त्या संध्याकाळी मला बघायला मंडळी यायची होती, आईने पाचला घरी ये म्हणून बजावलं होतं. हाताला आठ नंबरचं जाड पेन लागलं, त्यानेच भर्रकन रेघ ओढली आणि पळाले. ते स्थळ जमलंही नाही. पण त्या नकाशावर पेनाचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. हद्दीवरची घरं त्या शाईखाली गेली, आणि पुढे प्रती काढताना कुणीतरी रेघेची आतली कड धरली. आत होती ती घरं बाहेर गेली. पस्तीस वर्षं.

दुपारी बाई डबा उघडत होत्या. मी जाऊन समोर उभी राहिले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

बाईंनी नकाशाचं नळकांडं बघितलं. "बसा मॅडम. शेंगदाणे घ्या."

"कधीपासून?"

"लागले त्या वर्षापासून. पहिलंच काम मला आमच्या तालुक्याची प्रत काढायचं दिलं. गिरवता गिरवता म्हटलं, आपलं घर बघूया, तर सापडेना. शाईखाली होतं." बाई हसल्या. "बाबांना मागे एक खोली काढायची होती म्हातारपणी. दोनदा अर्ज केला. नाही म्हणून आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तेव्हा मी ट्रेसर. माझं कोण ऐकणार? नंतर बोलले असते तर तुमच्यावर चौकशी लागली असती."

"लागू द्यायची! एवढी काय मी तुमची लाडकी?"

"तसं नाही हो." बाईंनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. "चौकशी लागली असती तर तुमची बदली झाली असती. मग माझे कागद कोण तपासणार? ऑफिसात मी काही लिहिलं की सगळे वाचून छान म्हणतात. कुणी नीट वाचतच नाही. तुम्ही वाचता. तुम्ही माझ्यावर जळता ना मॅडम, माका म्हायत आसा. जळणारं माणूस काना-मात्रा सोडत नाही. म्हणून तर सगळे कागद आधी तुमच्याकडे द्यायचे. त्या बारा चुकांतली एक जरी राहिली असती ना, तर नियम पडला असता."

तीस वर्षं मी चोरून जळत होते, आणि ही बाई त्या जळण्यावर भाकऱ्या भाजून घेत होती.

"आता हे काय करायचं?" मी नळकांडं दाखवून विचारलं.

"रेघ तुमची. तुम्हाला वाटेल ते लिहा. नर्गिसला मी सांगून ठेवलंय, होईल किंवा नाही होईल." आणि बाई जेवायला लागल्या.

घरी जाऊन रात्री ह्यांना सांगितलं. मी गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. फाईल "अपात्र" म्हणून बंद झाली असती आणि हद्द बदलायची रीतसर प्रक्रिया सुरू झाली असती, जिला वर्षं लागतात. काढणाऱ्याने स्वतः लिहून दिलं की ही माझी हातचूक आहे, तरच ती एका आदेशात सुधारता येते. पण तसं लिहिलं की खुलासा, मेमो, आणि सल्लागारपद विसरायचं.

मी लिहून दिलं. सगळे पुढे मला म्हणाले, केवढं मन! मनबिन काही नाही. नर्गिसच्या पोरींसाठी लिहिलं असतं तर मला स्वतःलाच बरं वाटलं असतं, पण खरं कारण ते नव्हतं. या बाईने तीस वर्षं माझी चूक झाकली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही, हे तिचं मोठेपण मला आणखी एक दिवस सहन होणार नव्हतं. पेन्सिलीचं "अपात्र" खोडून मी शाईने लिहिलं, "हद्दरेषा विहित जाडीपेक्षा जाड काढली गेली. चूक माझी." खाली सही, पूर्ण नावानिशी. बाईंना दाखवलं तर त्यांनी पहिल्यांदाच माझा कागद तपासला. म्हणाल्या, "तारीख राहिली मॅडम."

मेमो आला. खुर्ची गेली. नोव्हेंबरात आदेश निघाला, ग्रामपंचायतीने पडवीला घरनंबर दिला आणि नर्गिसच्या नावाची नोंद डिसेंबर लागायच्या आत झाली.

तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. चाळ रिकामी होत होती. बाई म्हणाल्या, तात्पुरत्या खोलीत एकटी काय करू, मीही गावी जाते. एका संध्याकाळी लालबागच्या नाक्यावरून कोकणची गाडी होती. मी सोडायला गेले. हातात नवा कुकर, पाच लिटरचा, दुसऱ्या चुलीसाठी. बाईंनी तो खोक्यातून काढला, वरची शिट्टी उचलून बघितली आणि आजींच्या हातात दिला.

गाडीत त्यांनी खिडकीची जागा मुलींना दिली. मागच्या सीटवर बाई आणि नर्गिस. गाडी सुरू व्हायच्या आतच नर्गिसने बाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं, अगदी सवयीने, आणि बाईंनी तिच्या अंगावरची शाल नीट केली. आणि काय सांगू, मी परत जळले. फक्त या वेळी मी बाईंवर जळत नव्हते. मी नर्गिसवर जळत होते. तीस वर्षं शेजारी बसले, एकदाही त्या खांद्याला हात लावला नव्हता.

गाडी हलली तेव्हा बाईंनी पुढे वाकून खिडकीतून एक घडी केलेला कागद माझ्या हातात कोंबला. "गावचा पत्ता लिहिलाय. जरा नजर घाला मॅडम!" म्हणून ओरडल्या. मग गाडी पुलाखालून वळली आणि मला बाईंचा अंबाडा तेवढा दिसला.

मी तिथल्याच एका मसाल्याच्या दुकानाच्या दिव्याखाली उभी राहिले. आत डंकावर मिरची कुटत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. कागद उघडला. तेच वाईट अक्षर. नर्गिसचं पूर्ण नाव, घरनंबर, वाडी, तालुका, जिल्हा, सगळं ओळीने. शेवटी पिनकोड. पिनकोडात पाचच आकडे होते.

तो पिनकोड मला पाठ होता, त्या फाईलवर मी दहादा लिहिला होता. बाईंनाही पाठ होता, त्यांचं गाव ते. त्यांच्या कागदात चुकीचं कलम मी पुष्कळदा पकडलं होतं, पण आकडा गळलेला तीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. आणि कागद परत पाठवायचा तर त्याच पत्त्यावर पाठवायला लागणार होता.

मी पदराने डोळे पुसले आणि पर्समधून लाल पेन काढलं.